उत्तर आधीच सांगून टाकणारा हेडमास्तर

गेल्या महिन्यात शिरूर कासारला आमच्या शाळेची तपासणी झाली आणि माझी चांगलीच फजिती झाली... तरी आज मी खुशीत आहे.

शाळा निजाम सरकारची, तिसरीपर्यंतच. चौथीची मंजुरी या तपासणीवर ठरणार होती; ती मिळाली नसती, तर तिसरीची बारा पोरं यंदा शाळा सोडून गुरांमागं गेली असती. म्हणून सगळा भार मी एकट्यानं उचलायचं ठरवलं होतं.

तपासणीत इन्स्पेक्टर साहेब उर्दूत विचारतात, पोरांना कळत नाही, मग हेडमास्तर मराठीत सांगतो. सोय फार चांगली... प्रश्नाबरोबर थोडं उत्तरही पोरांपर्यंत पोचतं. सगळेच करतात, मी जरा सफाईनं!

साहेबांनी विचारलं, सिंदफणा कोणत्या नदीला मिळते? मी पोरांना म्हणालो, "सांगा बरं, आपली सिंदफणा गोदावरीला मिळते की नाही?"

साहेब हसले. "मास्टर साब, नदी तो आपनेच मिला दी!" गृहस्थ औरंगाबादेत वाढलेले, मराठी उत्तम समजणारे... मी उगाच टोपी सारखी केली.

त्यांनी मला पोरांच्या रांगेत बसवलं आणि माझे सहायक किसनगुरुजी यांना पुढं बोलावलं. अबोल माणूस. तपासणीत मी त्यांना कधी तोंड उघडू दिलं नव्हतं.

नवा प्रश्न आला, नदीचा उपयोग काय? किसनगुरुजींनी तो सरळ मराठीत सांगितला आणि गप्प उभे राहिले. पोरं गप्प, ते गप्प... उत्तर माझ्या जिभेवर नाचत होतं, ओठ दाबून धरले.

शेवटी तिसरीतला नामा उठला. "पानी देती जी. उन्हाळ्यात आटली की आमी वाळूत झिरा खांदतो, तरी बी देती."

"किती खोल?" साहेबांनी चक्क मराठीत विचारलं. "गुडघ्याइतका!" "न्हाई बे, कमरेइतका!" सगळा वर्ग उठून उभा... मी पाठ करून घेतलेलं उत्तर कुणालाच आठवलं नाही, बरं झालं.

चौथी मंजूर झाली! साहेब गेल्यावर किसनगुरुजींना विचारलं, एवढा धीर कुठून आणलात? म्हणाले, "पोरांना येतंय, मास्तर. तुमी कदी थांबून पाह्यलंच न्हाई."

बोलणं हेच माझं बळ, असं मी समजत होतो. खरं तर मला भीती वाटायची, पोरांना येणार नाही याची आणि मला शिकवता आलं नाही हे उघडं पडेल याचीही.

चौथी किसनगुरुजींकडे दिली आहे. दुपारी मीही मागच्या रांगेत जाऊन बसतो, गप्प राहायला शिकतो... काल अर्धा तास जमलं.