सरांचं नाव पहिलं?

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथेच लिहिते.

दोन वर्षं मिठबावच्या किनाऱ्यावर चपला झिजवून मी एक शोधनिबंध लिहिला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. ते ओढणारे आणि यांत्रिक बोटवाले यांच्या भांडणात पुढारी कोणाची बाजू घेतात, हा विषय. आज तो राज्यशास्त्राच्या एका नियतकालिकाला पाठवायचा होता. शेवटचं बटण दाबणार, तेवढ्यात गाईड सरांचा फोन. "लेखकांत माझं नाव पहिलं टाका. तुमच्या नावाला कोण विचारतं?"

अहो, सरांनी निबंध उघडूनसुद्धा पाहिलेला नाही! मिठबाव देवगडच्या वर की खाली, हेही त्यांना ठाऊक नसेल.

तणतणत किनाऱ्यावर गेले. ज्यांनी मला हे सगळं राजकारण उलगडून सांगितलं, त्या बाबलकाकांपुढे भडाभडा बोलले. काका जाळं सुकत घालता घालता म्हणाले, "जो दोरी वडता तेका वाटो गावता. तुझ्या सरान कधी दोरयेक हात लायल्यान? मगे तेका वाटो कित्याक?"

इतकं बरं वाटलं! सरांचं नाव टाकायचंच नाही, असं तिथेच ठरवलं आणि काकांना मोबाईलवर निबंध दाखवला.

त्यांनी तो बोटाने वर-खाली सरकवून पाहिला. मग विचारलं, "आणि माझा नाव खंय आसा गो?"

माझ्या निबंधात बाबलकाका 'प्रतिसादक क्रमांक चार' आहेत.

निबंध अजून पाठवलेला नाही. सरांवरचा राग तसाच आहे. पण तो आता कोणत्या तोंडाने काढू, सांगा.