साडूंची तीन मैदानं

जमीन दिसली की तिच्यात काय पेरता येईल हा विचार ज्याच्या डोक्यात येत नाही असा खानदेशातला एकमेव माणूस म्हणजे आमचे साडू. बाकीच्यांना काळी जमीन दिसली की कापूस दिसतो, पाणी दिसलं की केळी दिसते. आमच्या साडूंना सगळीकडे गोल्फ दिसतो. पुरणपोळीच्या पंगतीत, दहाव्याच्या घाटावर, एसटीच्या खिडकीतून, कुठूनही त्यांची नजर जमिनीच्या उतारावरून घरंगळत जाते आणि ते शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणतात, "मास्तर, अठे चेंडू थांबावाचा नही." शेजारी बहुतेक वेळा मीच असतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सणावाराला मी जळगावहून अमळनेरच्या पुढे त्यांच्या गावी जातो, आणि गेलो की ऐकतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुळात कमी बोलणारा माणूस. त्यामुळे बोलणाऱ्यांना मी फार आवडतो.

साडू फौजेत होते. पण त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा गवत कापायचं यंत्र जास्त काळ राहिलं. छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि तिथल्या एका साहेबाने त्यांना जुनी मासिकं आणि निवृत्तीच्या वेळी पाच काठ्या दिल्या. खताच्या गोणीची शिवलेली लांब पिशवी खांद्याला लावून हा माणूस गावात परत आला, तेव्हा बासरीवाला आला म्हणून बायका ओट्यावर आल्या होत्या असं ताई, म्हणजे माझी मेव्हणी, अजून सांगते. त्या मासिकांतून साडूंनी जे शिकून घेतलं ते त्यांनी पुढची वीस वर्षं सगळ्या तालुक्याला शिकवलं. गोल्फची मैदानं तीन जातींची. पहिलं पार्कलँड: झाडं, हिरवळ, मऊ माती, चेंडू पडला तिथे पाहुण्यासारखा बसून राहणार. दुसरं हीथलँड: आतल्या बाजूचा माळ, मुरमाड जमीन, काटेरी झुडपं, पिवळी फुलं. आणि तिसरं लिंक्स. हे नाव घेताना ते डोळे मिटायचे. समुद्र आणि शेत यांच्या मधली, कुणाच्याच कामाची नसलेली वाळूची पट्टी. झाड नाही, आडोसा नाही. वारा येईल तसा येणार आणि चेंडू जाईल तिथे जाणार.

ही तिन्ही मैदानं साडूंनी इथेच शोधली होती. पार्कलँड म्हणजे अमळनेरच्या वेशीवरचं लग्नाचं लॉन. रोज पाणी मारलेली हिरवळ, कडेला अशोकाची रांग, मध्ये सिमेंटचा हंस. लग्नतिथी नसेल त्या दिवशी मॅनेजर त्यांना खेळू द्यायचा, फक्त हंसाला लागता कामा नये. हीथलँड धुळ्याकडच्या माळावर, जिथे बोरी-बाभळींच्या खाली तरवड पिवळा होऊन फुलतो. आणि लिंक्स तापीच्या वाळूत. "समुद्र नाही तर नाही," ते म्हणायचे, "तापी तिकडेच चालली आहे ना?" ठिबकच्या जाड पाइपाचे तुकडे पुरून त्यांनी भोकं केली होती, आणि ताईच्या भगव्या लुगड्याचे नऊ झेंडे. ते लुगडं जुनं होतं का, या प्रश्नावर त्या घरात आजही मतभेद आहेत.

तिन्हींत खरं मैदान लिंक्सच, हा त्यांचा धर्म होता. लॉन लाड करतं, माळ टोचतो, पण वाळू परीक्षा घेते. हे ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगत, दूध घालताना सांगत. पुतणीच्या लग्नात त्यांनी वरपित्याला बाजूला घेऊन हिरवळ अंगठ्याने दाबून दाखवली होती. "पाणी जास्त झालं व्याही. असल्या जमिनीवर माणूस बिघडतो." वरपित्याला वाटलं आपल्याबद्दलच बोलतायत. तो घामाघूम होऊन हुंड्याचं काही नाही म्हणून शपथा घेऊ लागला.

आणि प्रामाणिकपणा असा, की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. एकट्याने खेळताना काठी चेंडूला न लागता हवेतून गेली, तरी मोठ्याने "एक!" म्हणून मोजायचे. एकदा माळावर चेंडूजवळची काडी उचलताना तो केसभर हलला. कोणी बघायला नव्हतं, एक शेळी होती. साडूंनी शेळीकडे बघून स्वतःला एक फटका दंड लावला.

आता जे सांगायचं आहे ते तीन वर्षं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तेव्हा साडूंच्या मनात आलं की नुसतं बोलून उपयोग नाही, सिद्ध करायला हवं. तिन्ही मैदानांवर नऊ-नऊ भोकं खेळायची, फटके मोजायचे, जिथे जास्त लागतील ते मैदान अवघड. निरीक्षक म्हणून मला बोलावलं. "विज्ञानाचा माणूस आहे," ते ताईला म्हणाले, "याच्या आकड्यावर कोणी बोट ठेवणार नाही." माझं काम एवढंच, की दोनशे पावलं पुढे उभं राहायचं आणि चेंडू कुठे पडला ते हात वर करून दाखवायचं. लॉनवर अठ्ठावन्न फटके झाले. माळावर सहासष्ट. तिसऱ्या दिवशी आम्ही नदीत उतरलो.

चैत्रातली दुपार होती. पायांखालची वाळू चपलेतून भाजत होती, वाऱ्याबरोबर तीच वाळू तोंडात येत होती, आणि घरी ताईने शेवभाजी केली होती. पहिल्याच भोकाजवळ चेंडू म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात जाऊन बसला. साडू दूर होते, डोळ्यांवर हात धरून चालत येत होते. मी पायाच्या अंगठ्याने चेंडू बाहेर काढला आणि सपाट जागी ठेवला. पहिल्यांदा मला त्यांची दया आली म्हणून. दुसऱ्यांदा उन्हामुळे. पुढे पुढे मला काही कारण लागलं नाही. नऊ भोकांत सात वेळा मी चेंडू सरकवला, आणि प्रत्येक वेळी हात वर करून ओरडलो, "छान पडलाय!"

एकूण फटके झाले एकोणपन्नास.

साडूंनी बेरीज तीनदा केली. मग वही मिटली आणि म्हणाले, "चला, जेवण थंड होईल." शेवभाजी मी पोटभर खाल्ली, हेही सांगून टाकतो.

मला वाटलं होतं ते चिडतील, वाऱ्याला दोष देतील, पुन्हा खेळू म्हणतील. तसं करणारा माणूस असता तर मी सुटलो असतो. साडू दुसऱ्या दिवसापासून गावात फिरून आपली चूक कबूल करू लागले. ज्या ज्या माणसाला त्यांनी वीस वर्षं वाळूचं महत्त्व सांगितलं होतं, त्या प्रत्येकाकडे जाऊन म्हणाले, "मी चुकीचं सांगत होतो. वाळू सगळ्यात सोपी निघाली." न्हावी म्हणाला, "बरं झालं भाऊ सांगितलं, मी तर त्याच्यावरच चाललो होतो!" सगळे हसले, साडूही हसले. पण नदीवर जाणं त्यांनी सोडलं. पुढे लॉनवर जायचे, हंसाभोवती दोन-चार चेंडू मारून परत यायचे. लग्नात हिरवळ दाबून बघणंही बंद झालं. एका पंगतीत मीच म्हटलं, "उतार कसा आहे इथला?" तर म्हणाले, "मास्तर, मला त्यातलं कळत नाही."

ते वाक्य मी तीन वर्षं घेऊन हिंडलो. वर्गात प्रयोगाची वही तपासताना एखाद्या पोराने निरीक्षण आधीच भरून ठेवलेलं दिसलं की मी लाल पेन खाली ठेवायचो.

यंदाच्या संक्रांतीला गेलो तेव्हा साडू ओट्यावर उन्हात बसले होते. उजवा खांदा धरला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. डॉक्टरने काठी धरायची नाही म्हणून सांगितलं होतं. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खुराचा खड्डा, अंगठा, सात वेळा.

ते माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"सात?"

"सात."

"आणि मी त्या न्हाव्याची माफी मागितली?"

आतून ताई बाहेर आली, हातात तिळाची ताटली. "मास्तर, तुम्ही? अहो, हा माणूस तीन वर्षं माझ्याशी नीट भांडलासुद्धा नाही!"

साडू उठले. मला वाटलं आता मला जायला सांगतील, आणि तसं सांगितलं असतं तर मी गेलो असतो. ते आत गेले, डाव्या हाताने ती गोणीची पिशवी ओढत बाहेर आणली आणि माझ्या मांडीवर टाकली. "उठा. मला मारता येत नाही. तुम्ही मारा, मी पुढे उभा राहतो."

"भाऊ, मी जन्मात काठी धरली नाही."

"मग तर उत्तमच. तुमच्या हाताला खोटं बोलायलासुद्धा येत नसेल."

तापीवर वारा सुटला होता. झेंडे केव्हाच गेले होते, ताईने न विचारता एक ओढणी दिली. साडू छत्री टेकत टेकत पुढे गेले आणि उभे राहिले. माझा पहिला फटका हवेतून गेला. "एक!" दुसरा वाळूला लागला. "दोन!" सहाव्या फटक्याला चेंडू कसाबसा उडाला, वाऱ्याने तो वळवला आणि एका खड्ड्यात नेऊन टाकला. साडू त्याच्याकडे गेले, वाकून पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"कसा पडलाय?" मी ओरडून विचारलं.

"खोल शे!" त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता. "लई खोल शे मास्तर!"

मी त्या खड्ड्यापाशी गेलो आणि मारत राहिलो. तोंडात वाळू, डोळ्यांत वाळू. नऊ झाले, दहा झाले, चौदा झाले. आकडा वाढत होता तसा त्यांचा आवाज तरुण होत होता. पंधराव्याला मी घाईने काठी उचलली, तेव्हा तो खांदा धरलेला माणूस हळूच म्हणाला, "सावकाश, मास्तर. सावकाश मारा. मला कुठे जायचं नाही."