हूरा ते अराद : एका गवयाचा दौरा

जिथे गाडी अर्धा तास सरळ हाकली की समुद्रच लागतो, अशा बेटावर गाण्यांचा भव्य दौरा काढणारा माणूस अख्ख्या आखातात एकच होऊन गेला, आणि तो हूरा नावाच्या वस्तीत आमच्या रूमवर माझ्या वरच्या खाटेवर झोपायचा. तो मूळचा वसईचा, जातिवंत ख्रिस्ती, हाती गिटार. तरी आम्ही कोकणातल्या तिघांनी त्याचं नाव गवईबुवा ठेवलं होतं आणि वयाने मोठे म्हणून अहोजाहो करत होतो. दिवसा ते एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचे सुपरवायझर होते. हॉटेलच्या चादरी मोजता मोजता त्यांना चाली सुचायच्या आणि धोब्याच्या चिठ्ठ्यांवर गाणी लिहिली जायची. एकदा चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन एका पाहुण्याच्या सुटाला आख्खं कडवं टाचून गेलं. मॅनेजरने बोलावून खडसावलं, तर हे विचारतात, "सर, पाहुण्याला आवडलं का?"

त्यांच्या गाण्याची जात सांगणं अवघड आहे. जुफैरला अमेरिकन आरमाराचा तळ होता, तिथून रेडिओवर त्यांची गाणी लागायची. त्यातले काळे गवई छाती फाडून गायला लागले की गवईबुवांच्या हातातला चहा निवायचा. "कोकण्या, ऐक, ऐक! आमच्याकडे लग्नाच्या मांडवात बायका अश्शाच गातात. फक्त ह्यांच्याकडे ड्रम जास्त." मग वसईच्या मांडवातली चाल आणि रेडिओवरची ती आर्तता एकत्र कालवून ते मराठीत गायचे. सुरुवातीला आम्ही उशा कानावर घ्यायचो. महिनाभराने आम्हीच भांडी घासताना ती गाणी गुणगुणायला लागलो, पण त्यांच्या तोंडावर कबूल कोण करतो!

ऐंशी सालाच्या आसपास ते दोन महिन्यांच्या लीव्हवर मुंबईला गेले आणि साठवलेलं सगळं घालून स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढून आले. दोन बॅगा भरून तीनशे कॅसेटी! विमानतळावर कस्टमवाल्याला संशय आला. त्याने एक लावून पाहिली, तर गवईबुवा टेपच्या बरोबरीने भर रांगेत गायला लागले. तिसऱ्या ओळीला त्याने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. "खलास, खलास! यल्ला!" म्हणजे पुरे, निघ आता!

मग निघाला दौरा. दर शुक्रवारी सुटीच्या दुपारी, लाँड्रीच्या पिकपमधून. अराद म्हणजे पुलापलीकडे वीस मिनिटं, पण बुवा बॅग भरून निघायचे. आत इस्त्रीचे दोन शर्ट, टूथब्रश, आल्याच्या काढ्याचा थर्मास. "दौऱ्यावरचा माणूस बॅगेशिवाय शोभतो का?" अरादशेजारच्या मुहर्रकला पोस्टाच्या पेटीत त्यांनी आम्हाला कार्डही टाकलं होतं : 'कार्यक्रम उत्तम. इंशाल्ला, पुढल्या शुक्रवारी जुफैर.' ते कार्ड आलं तेव्हा बुवा शेजारीच तांदूळ निवडत बसले होते. त्यांनीच ते घेतलं आणि आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं.

शेवटपर्यंत बसेल त्याला कॅसेट फुकट, हा त्यांचा नियम. आणि प्रत्येक कॅसेटच्या पाठचा प्लास्टिकचा दात ते सुरीने स्वतः मोडायचे, म्हणजे कोणाला तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये. "गाणं कायमचं राहिलं पाहिजे रे. मी मेल्यावर दुसरं काय उरणार माझं?" हे ते हसत म्हणायचे, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बाई नाही, मूल नाही. जे काय होतं ते त्या तीनशे कॅसेटींत होतं.

आता कबुली देतो. त्या काळी फोन परवडत नव्हता आणि पत्र गावात दुसऱ्याच कोणीतरी वाचून दाखवायचं. म्हणून आम्ही मंडळी कॅसेटवर बोलून, सुटीवर निघालेल्या माणसाबरोबर ती घरी पाठवायचो. मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा एक गाववाला दुसऱ्या दिवशीच निघत होता. शुक्रवार, दुकानं बंद. मी बुवांची कॅसेट उचलली, मोडलेल्या दाताच्या जागी चिकटपट्टी लावली आणि त्यांच्या गाण्यावर बायकोशी बोललो. अकरा मिनिटं. त्यापुढे काही सुचेना.

अरादच्या दुसऱ्या कार्यक्रमात घात झाला. बुवा म्हणाले, "आता तिसरं गाणं सगळ्यांनी म्हणायचं. कॅसेट ऐकलीय ना?" सावंतवाडीकडचा एक सुतार भीत भीत उठला. "बरी होती हो, पण तिच्यार आवशीक निरोप भरून धाडलंय." मग दुसरा, मग पाचवा; कोणी आईला, कोणी बायकोला. बघता बघता अर्धी खोली हात वर करून! बुवांनी गिटार पिशवीत घातली. रूमवर येऊन भिंतीकडे तोंड करून निजले ते निजलेच. पुढच्या शुक्रवारी हूऱ्याच्या हॉलमध्ये शेवटचा मोठा कार्यक्रम होता. "नाही गाणार. पुसून टाकलं मला पोरांनी. खलास," एवढंच बोलले. माझी चिकटपट्टी त्यांना अजून ठाऊक नव्हती.

त्याच बुधवारी बायकोची उलट कॅसेट आली. बुवा निजलेत असं समजून मी हळू आवाजात लावली. आधी मुलीचं रडणं. मग बायको : "तुमचं बोलणं संपलं आणि एकदम कोण गृहस्थ गायला लागले हो? आम्ही घाबरलोच! मग कळलं, गाणं आहे. रोज लावून लावून आमचं पाठ झालं. काल शेजारच्या हळदीला सगळ्यांनी म्हटलं. ऐका."

आणि दहा-बारा बायका कळशीवर ठेका धरून गायला लागल्या. वरच्या खाटेवरून पाय खाली आले.

"तू पण?" बुवा म्हणाले.

मी मान खाली घातली. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत लाव."

चारदा लावली. बुवांची ओळ होती, 'समुद्र ओलांडून आलो, अंगाला मीठ राहिलं.' बायकांनी ती आपली करून घेतली होती : 'समुद्र ओलांडून गेला, दाराला मीठ राहिलं.' बुवांनी बटण दाबून टेप थांबवली. मग म्हणाले, "ही अर्धी बाजू मला सुचलीच नव्हती रे."

शुक्रवारी ते गायले. आधी आपली ओळ, मग बायकांची. सुतार उभा राहिला, त्याच्यामागे हॉल उभा राहिला, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळे गात होते. वसईचा नि कोकणाचा आवाज त्या दिवशी वेगळा काढता आला नसता. माझी छाती अशी काही फुगली होती, की जणू चाल मीच लावली होती.

पुढे बुवा कायमचे वसईला गेले, काही वर्षांनी मीही गावी आलो. आमच्याकडे अजून ते गाणं हळदीला म्हणतात. कोणाचं म्हणून विचारलं तर बायका सांगतात, "कोणाचं म्हणजे? आपलंच." हे मी बुवांना पत्राने कळवलं. उत्तरादाखल कॅसेट आली. आवाज थकलेला, मधे मधे खोकला. गायली होती बायकांचीच ओळ. शेवटी म्हणाले, "ह्यापुढची टेप कोरी ठेवलीय, कोकण्या. दात मोडलेला नाही. बोल काय ते."

मी दार लावून घेतलं, बटण दाबलं आणि आधी त्यांची माफी मागितली. मग म्हणालो, "बुवा, तुम्ही आमच्या रूमवर राहत होता याचा मला फार अभिमान वाटतो. इतकी वर्षं एका खोलीत काढली, पण तोंडावर सांगायचं राहूनच गेलं."