ब्रिगेडियरसाहेबांना लिहिलेला अर्ज

बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा पहिला झटका आला त्या हिवाळ्यात मी अकोल्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आमचं गाव हिवरखेडच्या अलीकडे. घराण्यात बी.ए. झालेला पहिला मी, आणि झालो तो मोठ्या भावामुळे. मी शाळेत असतानाच तो कोणाला न विचारता फौजेत भरती झाला आणि त्याच्या पगाराच्या आधारावर मी अमरावतीला कॉलेजात जाऊ शकलो.

बानं मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. भाऊ सुट्टीवर आला की दोघं समोरासमोर जेवायला बसत आणि बा मायला म्हणायचा, "त्याले सांग, भाकर घे म्हणा." भाऊही मायलाच म्हणायचा, "झालं म्हणा." अशी सात वर्षं गेली.

झटक्यानंतर बाचा डावा हात गेला, पण जीभ शाबूत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका आला तर वाचा जाईल. बाला ते कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ओळखलं असावं. मला म्हणाला, "थोरल्याले बोलाव. त्याच्याशी बोलाचं हाय."

"काय बोलाचं, बा? मी लिहून पाठोतो."

"लिवाची गोष्ट नाही ते. तोंडानं सांगाची हाय."

मी भावाला तार केली. तो तेव्हा सीमेवर होता. आठ दिवसांनी त्याचं कार्ड आलं: सुट्टीचा अर्ज दिला आहे, सुभेदारसाहेबांनी वर पाठवला आहे, घाई करू नये.

घाई करू नये! कचेरीत माझं लक्ष लागेना. पोस्टमन दिसला की खुर्चीतून उठायचो. अर्ज वर पाठवला म्हणजे काय होतं, हे मला माझ्या अनुभवातून ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. कॉलेजात असताना माझा शिष्यवृत्तीचा अर्ज एका बाबूच्या टेबलावर तीन महिने पडून होता. शेवटी माझे इंग्रजीचे सर मला हाताला धरून अमरावतीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाकडे घेऊन गेले. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. त्या सरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या दिवशी मी एक धडाही शिकलो: खालच्यांच्या नादी लागू नये, थेट वर जावं.

म्हणून मी एका दुपारी डबा न उघडता कचेरीतल्या टाइपरायटरवर बसलो. भावाच्या पत्रात कधीतरी त्यांच्या ब्रिगेडियरसाहेबांचा उल्लेख आला होता. त्यांच्या नावे दोन पानी इंग्रजी अर्ज लिहिला. बाचा आजार, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं. वर पत्ता घातला, 'ब्रिगेडियर जनरल साहेब'. कुठल्यातरी पुस्तकात तसं वाचलं होतं.

त्या शनिवारी गावी गेलो आणि ही गोष्ट हवालदारबुवांना मोठ्या उमेदीनं सांगितली. हे आमच्या आळीतले पेन्शनर, जुने फौजी. त्यांच्या ओट्यावर सरकी वाळत घातली होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोनाले लिवलं म्हणते?"

"ब्रिगेडियर जनरलले."

"आपल्या फौजेत नुसता ब्रिगेडियर असते, बावा. जनरल त्याच्या वरचा. बस खाली."

त्यांनी दहा सरक्या मोजून वेगळ्या केल्या. "हे सेक्शन. तुहा भाऊ याच्यातला एक. अशा तीन सेक्शनांची पलाटून, तिच्यावर सुभेदार. तीन पलाटूनींची कंपनी, तिच्यावर मेजर. चार कंपन्यांची पलटण, तिच्यावर कर्नल." सरकीचे ढीग ओटाभर झाले. मग त्यांनी अंगणातून एक खडा उचलला आणि पार टोकाला ठेवला. "अन् अशा तीन पलटणी ज्याच्या हाताखाली, तो हा. तो नकाशा पाह्यते. कोनती पलटण कोनत्या टेकडीवर, हे त्याचं काम. सुट्टी देते कर्नल. तुह्या भावाचा कागद या खड्यापर्यंत जाचाच नव्हता."

"मग वरून हुकूम आला तर लवकरच होईन ना?"

"काहून होईन? आता तुहा कागद एकेक पायरी उतरीन, अन् त्याचा जबाब तितक्याच पायऱ्या चढीन. बी.ए. झाला म्हणे पोरगा!" ते हसले, पण माझ्याकडे न बघता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. अकोल्याहून दर शनिवारी गावी, सोमवारी परत. बा दाराकडे तोंड करून पडलेला असायचा. "आला काय?" एवढंच विचारायचा. तिसऱ्या रविवारी सकाळी दूध पिता पिता त्याला दुसरा झटका आला. वाचा गेली.

भाऊ पाचव्या दिवशी आला. ट्रंक खाली ठेवून तो बाच्या उशाशी बसला. बानं त्याला ओळखलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग सवयीप्रमाणे बानं मायकडे पाहिलं. आता तिनं पुढचं बोलायचं होतं.

माय म्हणाली, "म्या काय सांगू? मले काय मालूम तुमच्या मनातलं?" आणि पदर तोंडाला लावून ती चुलीकडे गेली.

दुपारी भावाचा शर्ट धुवायला टाकताना खिशात सुट्टीचा कागद सापडला. त्यावर निघायची तारीख खोडून दुसरी घातली होती. दोन्हींत अकरा दिवसांचं अंतर. मी तो कागद घेऊन भावासमोर उभा राहिलो.

"सुट्टी तर आधीच मंजूर होती," तो म्हणाला. "बिस्तरा बांधला होता म्या. तेवढ्यात तुहं पत्र वरून आलं. मोठ्या साहेबानं त्याच्यावर लाल पेन्सिलनं लिवलं होतं, जवानाले तुरंत घरी पाठवा अन् कळवा. चांगला माणूस हाय तो."

"मग?"

"मग कळवाचं होतं ना. उशीर काहून झाला, कोनी केला, कर्नलनं मेजरले इचारलं, मेजरनं सुभेदारले, सुभेदारनं मले. जबाब वर जाईपर्यंत मले सोडता येत नव्हतं." त्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घातली. "इंग्रजी मस्त होतं म्हणे तुहं. मेजरसाहेब बोलले."

एवढंच. त्यानं मला तेव्हाही शिवी दिली नाही, पुढेही कधी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

बाला काय सांगायचं होतं, ते आम्हाला कळलं नाही.

दिवस कलल्यावर भावानं दुधात भाकर कुस्करली आणि वाटी घेऊन तो बाजवळ बसला. बानं तोंड उघडलं नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिला.  मग भाऊ मान न वळवता, चुलीपाशी बसलेल्या मायला म्हणाला, "त्याले सांग, भाकर घे म्हणा."

बानं तोंड उघडलं.