देव्हाऱ्यातला रशियन घोडेस्वार

शहाद्यात राहून झारच्या काळातली रशियन पदकं जमवणारा माणूस लोकांच्या लेखी अर्धवटच. त्याचं मला काही वाटत नाही. पण कुणी पदकाला हात लावला की माझं डोकं फिरतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. बडोद्याच्या एका संग्राहकाकडे दोन वर्षं लकडा लावून मी चांदीचा एक क्रॉस मिळवला होता. झारच्या फौजेत साध्या शिपायाला शौर्यासाठी तो देत. मधोमध घोड्यावर बसून भाल्याने साप मारणारा संत, मागे शिपायाचा क्रमांक. शंभरेक वर्षांचा काळा थर वर चढलेला. तो थर म्हणजेच त्याचं वय; खरा संग्राहक तो कधी पुसत नाही.

आमच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, बसायची होती. त्याआधी घर धुऊन काढतात, घरातलं सगळं पितळ-चांदी घासतात. मी कॉलेजातून आलो तर पेटीतला क्रॉस गायब. सापडला देव्हाऱ्यात. आईने चिंच आणि राख लावून तो असा लखलखीत केला होता की मला रडायचंच बाकी राहिलं. फीत काढलेली, घोडेस्वाराच्या कपाळाला हळद.

"माय, हाई काय करं तू!"

"खंडेराव शे ना," ती म्हणाली. घोड्याखालच्या सापाला तिने कुत्रा मानलं होतं.

मी घरभर ओरडलो. हा देव नाही, परमुलखातल्या शिपायाचं पदक आहे, तू त्याची माती केलीस, असं काय काय बोललो. ती ऐकून घेत राहिली. मग हळूच म्हणाली, "माले वाटनं, तू मन्हासाठे टाक लई उना."

 वाटणीत घरातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या प्रतिमा, थोरल्या काकांकडे गेले. रिवाजच तसा. तेव्हापासून दर सणाला आई काकांच्या दारी जाऊन खंडोबाला हात जोडून यायची, आणि मी रशिया धुंडाळत बसलो होतो. इतक्या वर्षांत तिच्यासाठी एक टाक घडवून आणावा, हे मला सुचलं नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सराफाकडे जाऊन टाक करायला सांगितला. कानबाईच्या आदल्या दिवशी तो आला. आईने तो कितीतरी वेळ ओंजळीत धरून ठेवला, मग देव्हाऱ्यात बसवला. आता क्रॉस उचलावा म्हणून मी हात पुढे केला.

"हाऊ कोना शे मंग?" तिने विचारलं.

"एक शिपाईना. लढाईमा मरी गया व्हई."

"त्याले माय व्हती ना?"

मी मान डोलावली. तिने माझा हात बाजूला केला.

"मंग ऱ्हाऊ दे. देव नही ते नही, कोनातरी पोऱ्या शे."