आईच्या नावाची दहा स्नानं

सतरा वर्षं माझ्या आईनं पौष पौर्णिमेपासून महिनाभर, रोज पहाटे, प्रयाग चिखलीच्या संगमावर माघस्नान केलं. तिथल्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर ती एकदाही घसरली नाही. अठराव्या वर्षी, दहा स्नानं उरली असताना, ती घसरली आमच्या बाथरूममधल्या नव्या टाइल्सवर. टाइल्स मी निवडल्या होत्या.

पाय प्लॅस्टरमध्ये गेला. "नेम मोडाय नको," ती म्हणाली. "माझ्या नावानं तू बुडी मारून येत जा." मी हायस्कूलला शिकवतो. कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करतो. मी लगेच हो म्हणालो.

पहिल्या दिवशी पाच वाजता मोटरसायकल काढली. वाटेत चहाची गाडी लागली, तिथं थांबलो आणि पुढं गेलोच नाही. दोन चहा झाले. गाडीमागच्या नळावर डोकं ओलं केलं, टॉवेल भिजवून पिळला आणि घरी आलो.

"पाणी कसं हुतं?" आईनं विचारलं.

"बर्फासारखं."

असे नऊ दिवस गेले. माझं वर्णन सुधारत गेलं. पाचव्या दिवशी दात वाजले, आठव्या दिवशी पायात गोळे आले. बायको आल्याचा काढा करून देऊ लागली. तोही मी पीत होतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी आई भिंतीकडं बघत म्हणाली, "एवढ्या थंडीत पहाटे नदीचं पाणी कोमट असतंय. थंडी वाजती ती भाईर आल्यावर." मग तिनं सुनेकडं दूध मागितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा सतरा वर्षांचा नेम मी चहाच्या गाडीवर मोडला होता.

माघी पौर्णिमेला खरंच गेलो. पाणी कोमट होतं. कमरेइतक्या पाण्यात पोचलो, तेवढ्यात शेजारी न्हाणाऱ्या बायकांतली एक म्हणाली, "पावणं, नवीन दिसतायसा. कुठलं?"

मी आईचं नाव सांगितलं, तिचा पाय सांगितला.

"व्हय की! पडली त्याच दिवशी फोन आलता तिचा. म्हणाली, पोराला सांगितलंय, पर त्यो काय येत न्हाय. तुमीच माझ्या नावानं एक बुडी मारत जावा. रोज मारतोय की आमी." तिनं नाक धरलं, माझ्यादेखत आईच्या नावाची बुडी मारली आणि वर येऊन तोंडावरचं पाणी पुसलं. "ही झाली तिची. तुमी आता सोताच्या नावानं मारा."