मालकाचं लंगडं टेबल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल! बायको-मुलीसकट कॅनडात कायमचं राहायला मिळणार होतं मला. ते मी घालवलं. कशापायी? एका टेबलापायी!

मी सुतार. अठरा वर्षं कुवेतमध्ये. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात, आणि माझ्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नाही. म्हणून सुनंदा आणि पोरगी गुहागरकडे, गावी. पोरगी नववीत गेली, पण माझ्या रजेचे दिवस जोडलेत ना, तर तिच्याबरोबर मी दोन वर्षंही राहिलेलो नाही.

तर कॅनडातला एक फर्निचरवाला स्वतः स्पॉन्सर करून माणसं नेत होता. काम अनस्किल्ड. फळ्या उचला, भुसा झाडा, टिकून राहिलात की घरच्यांसकट पीआर, म्हणजे कायमचं राहायचा हक्क. मला ते नावच झोंबलं. अनस्किल्ड? मी? अहो, कुवेतच्या शर्क भागातल्या हॉटेलांतली अर्धी दारं माझ्या हातची आहेत!

सुनंदाने फोनवर दम भरला होता, "अहो, तो काहीही विचारू दे, तुम्ही 'हो' म्हणायचं. शहाणपणा नको."

इंटरव्ह्यू शुक्रवारी संध्याकाळी, व्हिडिओवर. इथल्या मिरकाब भागात इक्बालभाईचं मोबाईलचं दुकान आहे, तिथे बसलो. इक्बालभाई आपला रत्नागिरीचाच, इंग्रजी फाडफाड, म्हणून दुभाष्या तोच.

मालक आला स्क्रीनवर. हसरा, भला माणूस. पण त्याने टेबलावर कोपर टेकलं आणि टेबल डुललं! कॉफी सांडली. पुसली, परत कोपर टेकलं, परत डुललं. फर्निचरचा कारखाना आणि मालकाचंच टेबल लंगडं? सांगा, सहन होतं का?

"तो विचारतोय, झाडू मारायला लाज नाही ना वाटणार?" इक्बालभाई म्हणाला.

"त्याला विचार, ते टेबल कोणी केलं?"

"अरे गप रे बाबा! यस बोल, यस!"

"तू विचार तर!"

इक्बालभाईने काय गोड करून विचारलं देव जाणे. मालक छाती फुगवून म्हणाला, "मी स्वतः!"

इथे तरी माणसाने तोंड आवरावं की नाही? मी म्हटलं, "तरीच!"

इक्बालभाईने तेवढं गिळलं. पण माझे हातवारे कोण गिळणार? उलटं कर म्हणून मी खूण केली, आणि त्या भल्या माणसाने खरंच टेबल उलटं केलं. सांधा ढिला, नुसत्या गोंदावर उभा! म्हटलं, मार पाचर. तो तिकडे ठोकतोय, मी इकडून ओरडतोय, "हळू! लाकूड आहे ते, नारळ नव्हे!" इक्बालभाई घाम पुसत भाषांतर करतोय. पाऊण तास चाललं हे!

शेवटी टेबल सरळ झालं. मालक त्याच्यावर चढून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मी इक्बालभाईला डोळा मारला, झालं आपलं काम!

मग मालक बोलत राहिला आणि इक्बालभाईचा चेहरा उतरत गेला.

"तो म्हणतो, एवढ्या मोठ्या कारागिराच्या हातात झाडू कसा देऊ? तू महिन्याभरात कंटाळून पळशील. आणि सुताराची जागा त्याच्याकडे नाही."

"अरे, सांग त्याला, मी मारतो झाडू!"

"आता? पाऊण तास त्याला झापून?"

स्क्रीन बंद. पोरगी गावभर सांगत सुटली होती, आम्ही बाबांबरोबर राहणार म्हणून. पण एक सांगतो, तसलं टेबल उद्या परत दिसलं ना, तरी मी गप्प बसणार नाही!

सुनंदालाही ताठ मानेनेच फोन केला. "अनस्किल्ड म्हणवून घ्यायला मी तयार नाही! अठरा वर्षांचा हात आहे हा. टेबल सरळ करून दिलं त्याचं!"

ती म्हणाली, "नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते आपली पोरगी दीड वर्षाची असताना शिकली. तुम्हाला तेवढंही जमलं नाही. मग अनस्किल्ड नाही तर काय म्हणायचं हो तुम्हाला?"